पालक कुणाचे बोलावले?

आठवीतला मुलगा. आवाज अजून फुटलेला नाही, चाल जराशी वेगळी, दोस्ती मुलींशी जास्त. वर्गातली चार पोरं त्याला रोज ‘बायल्या’ म्हणतात. बेंचवर खडूनं ‘छक्का’ लिहून ठेवतात. मधल्या सुट्टीत त्याचा डबा लपवतात, मुतारीत गेला की मागोमाग जाऊन दारात उभी राहतात. तो बरेच दिवस सोसतो आणि एक दिवस हिंमत करून वर्गशिक्षकांना सांगतो. शाळा लगेच पालकांना बोलावते.

त्याच्याच पालकांना.

हा कुणी एक मुलगा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या इंग्रजी शाळेत तो आहे, औरंगपुऱ्यातल्या मराठी शाळेत आहे, शहागंजच्या उर्दू शाळेतही आहे. त्याचा बाप वाळूजच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून येतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याला ऐकवलं जातं, ‘जरा मुलाकडे लक्ष द्या. मुलींतच असतो. खेळायला पाठवा, व्यायामशाळेत घाला. पोरं चिडवणारच हो.’ त्या चार पोरांच्या घरी फोन गेलेला नसतो. ज्याचा छळ झाला तोच आरोपी ठरून घरी जातो, आणि घरी बापाचा पट्टा निघतो. मदत मागायला गेलं की मार वाढतो, हा धडा तो शाळेतच शिकतो आणि पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

त्याचं हे गप्प होणं मोजलं गेलेलं आहे. युनेस्कोनं तमिळनाडूत समलिंगी आणि पारलिंगी तरुणांना त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं. २०१९ साली त्याचा अहवाल आला. माध्यमिक वर्गांत असताना शारीरिक छळ झाल्याचं सुमारे ६० टक्क्यांनी सांगितलं. शाळेकडे तक्रार केलेले होते १८ टक्के. आमच्याकडे अशी एकही तक्रार नाही, असं अभिमानानं सांगणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकानं हा दुसरा आकडा पाठ करावा.

आता शाळेचा नेहमीचा प्रश्न: ‘पण तो खरंच तसा आहे का?’

हा प्रश्न विचारायचाच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. मारहाण थांबवण्यासाठी मार खाणारा समलिंगी आहे की नाही, हे ठरवावं लागत नाही. तेराव्या वर्षी त्याचं त्यालाही कदाचित ठाऊक नसतं. चालीवरून, आवाजावरून, नाचाच्या आवडीवरून काहीच ठरत नाही. ज्याला बायल्या म्हणतात तो पुढे एखाद्या मुलीच्या प्रेमात पडेल आणि सुखानं संसार करेल. आणि मागच्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्यानं हसणारा, कबड्डीच्या संघातला धिप्पाड मुलगा समलिंगी असू शकेल. तो का हसतो? पुढच्या मुलाचं जे झालं ते आपलं होऊ नये म्हणून हसतो. घरी जाऊन आरशासमोर चालून बघतो, हात कसे हलतात ते तपासतो, मित्राच्या खांद्यावर हात टाकायचं सोडून देतो. त्याला कुणी एक शब्द बोललेलं नाही, पण आपल्यासारख्यांचं इथे काय करतात हे त्याला पुरतं कळलेलं आहे. शाळेच्या कुठल्याच नोंदीत हा दुसरा मुलगा येत नाही. म्हणून बेंचवरचं ते अक्षर पुसणं हे एका मुलासाठीचं काम नाही. त्या वर्गातली कितीतरी मुलं बघत असतात की सर ते पुसतात की नुसते बघून पुढे जातात.

सर बऱ्याचदा पुढे जातात. कधी स्वतःही वर्गात विचारतात, ‘काय रे, बांगड्या भरल्यात का?’ आणि वर्ग खदखदतो. त्या दिवसापासून चार पोरांना परवानगी मिळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा द्यायलाही मनाई करतं आणि त्याचा मानसिक छळ करायलाही. हे कलम शिक्षकांनाच लागू आहे. बांगड्यांचा तो विनोद कायद्याच्या भाषेत छळ ठरतो.

शाळेपेक्षा अवघड जागा म्हणजे क्लास आणि वसतिगृह. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची मुलं दहावी झाली की नीट आणि जेईईसाठी या शहरात येतात. एका खोलीत तिघं-चौघं, मेसचा डबा, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. घर लांब. बापानं फी कुठून उभी केली हे मुलाला माहीत असतं. अशा खोलीत रूम पार्टनरनं मोबाइल हिसकावला, त्यातला एखादा मेसेज वाचला आणि ग्रुपवर टाकला, तर त्या मुलानं जायचं कुठे? रेक्टरकडे गेला तर खोली सोडायला सांगतात. घरी सांगितलं तर शिक्षण थांबतं. मग तो अभ्यासिकेत जाणं बंद करतो, टेस्टचे मार्क घसरतात, आणि क्लासवाले घरी कळवतात की मुलाचं अभ्यासात लक्ष नाही.

या जागेबद्दल सर्वोच्च न्यायालय बोललेलं आहे. विशाखापट्टणमच्या वसतिगृहात राहून नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण न्यायालयात गेलं. त्यात २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी देशभरच्या शाळा, महाविद्यालयं, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. जात, वर्ग, लिंग, धर्म, अपंगत्व यांबरोबरच लैंगिक कल यावरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करता येईल अशी व्यवस्था ठेवायची. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. ‘टेलिमानस’सारख्या हेल्पलाइनचे नंबर वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावायचे.

आता क्लासेसच्या भिंतींवर काय असतं ते आठवा. गेल्या वर्षीच्या टॉपर्सचे फोटो आणि त्यांचे मार्क. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मला त्या फोटोंच्या शेजारी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरात हवा आहे. समुपदेशकाचं नाव आणि बसायची वेळ फीच्या पावतीवर छापलेली हवी. एवढ्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि खर्च फ्लेक्सच्या एका कोपऱ्याएवढा आहे.

महाविद्यालयांकडे तर पळवाट कधीचीच उरलेली नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालचा आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रमुखानं दुर्लक्ष केलं तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये आपल्या रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून केलेला छळ स्पष्ट शब्दांत घातला. प्रवेशाच्या वेळी मुलांकडून रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र सगळीच महाविद्यालयं लिहून घेतात. त्यातलं हे वाक्य कुणी मुलांना वाचून दाखवत नाही. ते पहिल्याच दिवशी, हॉलमध्ये, प्राचार्यांनी स्वतःच्या तोंडानं वाचावं.

मुलींचा छळ वेगळ्या वाटेनं येतो, आणि तो आपण छळात मोजतसुद्धा नाही. दोन मैत्रिणी सतत बरोबर दिसल्या तर सुरुवातीला कुणाला काही वाटत नाही. एकीनं केस बारीक कापले, ओढणी सोडली, की वर्गात कुजबुज होते. चिठ्ठी किंवा चॅट सापडलं की शाळा घरी कळवते, आणि पुढचं सगळं घर बघतं. फोन काढून घेतात, शाळा बंद होते, मामाच्या गावाला पाठवतात, स्थळं बघायला लागतात. हे मराठवाड्यात फार सोपं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होतं. जिथे जवळजवळ निम्म्या मुलींना लग्नाबद्दल विचारलंच जात नाही, तिथे आपल्याला मुलगा नकोच आहे असं म्हणणाऱ्या मुलीचं कोण ऐकणार? तिचं लग्न झालं की सगळ्यांच्या लेखी प्रश्न सुटतो. शाळेच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काहीतरी साधं लिहिलं जातं. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’मध्ये मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी रंगमंचावर आणली. त्या नाटकातली मित्रा शेवटी जीव देते. त्याला चार दशकांहून जास्त काळ झाला. आपल्या मुलींसाठी दुसरा शेवट लिहायची वेळ टळून चाललेली आहे.

आणि डॉक्टर. घरात कळलं की कुणीतरी सुचवतंच, ‘दाखवून आणा.’ कुणी बाबाकडे नेतं, कुणी हार्मोनच्या इंजेक्शनाची चौकशी करतं, कुणी पोराला ‘नीट’ करून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे भरतं. पालकांनो, तुमच्या मुलाला आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचार संघटनेनं २०१८ मध्ये हेच सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांच्यासमोर २०२१ मध्ये दोन तरुणींचं प्रकरण आलं, तेव्हा हा विषय आपल्याला समजत नाही हे मान्य करून ते स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे शिकायला बसले, आणि मग समलिंगी माणसांना ‘बदलण्याच्या’ उपचारांवर बंदी घालणारा आदेश त्यांनी दिला. त्यातूनच २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं असे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा मुलाला बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसू शकतो, तर आपल्या मुख्याध्यापकांनीही बसावं.

मुलाला झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्यावरून मन उडालं असेल, तर मात्र डॉक्टरकडे जरूर न्या. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सरकारी आहे. उपचार त्याला झालेल्या जखमेवर करायचे असतात, त्याच्या आवडीवर नाही.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्या भागात हा विषय नको, असं मला या शहरात तरी कुणी सांगू नये. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला गेला. गुन्हा काय, तर वाचकांनी हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना मासिकानं उत्तरं दिली. मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळं अश्लील ठरत नाही, आणि प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, ही त्यांची बाजू. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण स्वातंत्र्याच्या तेरा वर्षं आधी, या देशातलं एवढं मोठं माणूस एका अनोळखी वाचकाच्या प्रश्नासाठी कोर्टात भांडलं.

त्याच बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव मिळावं म्हणून १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत मराठवाड्यातल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, घरं गमावली, जीव गमावले. आणि कर्व्यांच्या त्या लढ्यावर ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिणारे अजित दळवी याच शहरातले. ज्या शहराकडे एवढी पुंजी आहे तिथल्या नववीतल्या मुलानं, ‘सर, मला मुलगे आवडतात, हे चूक आहे का?’ असं विचारायला जागा शोधत फिरावं, आणि शेवटी मोबाइलवर भलत्याच माणसाच्या हाती लागावं, हे मला सहन होत नाही. अशा फसवणुकीत, ब्लॅकमेलमध्ये ही मुलं सापडतात, कारण त्यांना उत्तर देणारं दुसरं कुणी आपण ठेवलेलं नाही. शाळेच्या वाचनालयात बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ कादंबरी ठेवा. खिरे यांनी पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर सोप्या मराठीत भरपूर लिहिलं. ती पुस्तकं मोठ्या मुलांच्या कपाटात उघडपणे असावीत, शिपायाकडे किल्ली मागावी लागू नये.

शिक्षकांना एक विनंती जास्त कळकळीनं करायची आहे. मुलानं तुम्हाला विश्वासानं काही सांगितलं तर ते त्याच्या घरी सांगू नका. चांगल्या हेतूनंसुद्धा नाही. कुणाच्या घरात काय होईल हे त्या मुलाला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. जिवाला धोका दिसत असेल तर धोका जरूर कळवा, मुलाला एकटं सोडू नका म्हणून सांगा. त्यासाठी त्याचं गुपित उघड करायची गरज पडत नाही. लैंगिक हेतूनं शरीराला हात लावण्याचा प्रकार झाला असेल तर पोक्सो कायदा लागतो. तो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, आणि पोलिसांना कळवणं तिथे तुमच्यावर बंधनकारकच आहे. बाकी सगळ्या वेळी फोन करायचा तो छळणाऱ्यांच्या घरी. त्या चार पोरांनाही वाऱ्यावर सोडायचं नाही. त्यांनी ते शब्द कुठून तरी आणलेत, बहुतेक घरातून. त्यांच्या पालकांना त्याच खुर्चीत बसवून तेच सांगा: जरा मुलाकडे लक्ष द्या.

आणि आई-वडिलांनो, तुम्ही एकटे नाही. कलम ३७७ चा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना समलिंगी मुलांचे आई-वडील स्वतःची नावं देऊन न्यायालयात गेले होते. त्यांत आपल्या रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर होत्या. त्या आपल्या मुलीच्या बाजूनं आजवर मराठीत उघडपणे बोलत आल्या आहेत. ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा अशा पालकांचा गट २०१७ पासून आहे. त्यांच्याशी बोला. अमेरिकेत ट्रेव्हर प्रोजेक्टनं २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत दिसलं की आपल्याला स्वीकारणारं एक तरी मोठं माणूस ज्या मुलांना होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं. एकच माणूस. ते तुम्ही असू शकता, आत्या असू शकते, चित्रकलेच्या मॅडम असू शकतात, अभ्यासिकेचा मालकही असू शकतो.

हे वाचणाऱ्यांत एखादं मूल असेल तर त्याला सांगतो: तुझ्यात काही बिघडलेलं नाही. जे छळतात त्यांचं चुकतंय. कधीही बोलावंसं वाटलं तर १४४१६ फिरव, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे. महाविद्यालयात छळ होत असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मेसेज, फोटो, शिव्या पुसू नकोस, जपून ठेव. तोच पुरावा असतो.

आणि बाकी सगळ्यांनी पुढच्या पालकसभेत हात वर करावा. तुमचं मूल यातलं नसलं तरी करावा. सर्वांसमोर विचारावं की समुपदेशक कोण आहे, आणि चिडवण्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलाच्या घरी फोन न करता तुम्ही छळ कसा थांबवता? उत्तर लेखी मागा, आणि मिळेपर्यंत खाली बसू नका.